कमिट मेसेज : ‘का?’ या एका प्रश्नाची पन्नास वर्षं

आधीच सांगून टाकतो, आजचा विषय आमच्या धंद्यातला आहे. कमिट मेसेज. हे दोन शब्द वाचून अर्धे लोक पळाले असतील आणि उरलेल्यांपैकी निम्मे म्हणतील, "त्यात काय लिहिण्यासारखं आहे?" आहे मंडळी, बरंच आहे. मला इतिहास वाचायची खोड आहे आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे या दोन्हींची गाठ जिथे पडते तिथे मी रेंगाळतो. कमिट मेसेज ही तशीच एक जागा आहे.

जे आयटीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एका सॉफ्टवेअरवर दहा, शंभर, कधी हजारो माणसं काम करतात. प्रत्येकजण आपला बदल एका सामाईक दप्तरात जमा करतो. या जमा करण्याला कमिट म्हणतात आणि जमा करताना त्यासोबत जी चार शब्दांची नोंद लिहायची असते ती म्हणजे कमिट मेसेज. आपल्याकडच्या जमिनीच्या कागदांशी ताडून बघा. सातबारा सांगतो की आज जमीन कोणाच्या नावावर आहे. पण ती त्याच्या नावावर कशी आली, खरेदीने, वारसाहक्काने की वाटणीने, ते बघायचं तर फेरफार काढावा लागतो. कोड म्हणजे सातबारा, कमिट मेसेज म्हणजे फेरफार. आणि फेरफार नीट नसला की पुढे काय होतं ते गावाकडे जमीन असलेल्या कोणालाही विचारा :)

आता आमच्या आयटीतल्या फेरफारांचे नमुने. "फिक्स." "फिक्स २." "रिव्ह्यू कमेंट्स." "मायनर चेंजेस." "फायनल." "आता खरंच फायनल." आणि माझा सगळ्यात आवडता, "चर्चेप्रमाणे बदल." कोणाची चर्चा? कोणाशी? कधी? एका जुन्या प्रोजेक्टमध्ये मला एक ओळ सापडली होती. पुढचं काम सुरू करण्याआधी प्रोग्राम सात सेकंद नुसता थांबायचा. पाच नाही, दहा नाही, सातच. फेरफार काढला तर तिथे हेच, "चर्चेप्रमाणे बदल". लिहिणारा कंपनी सोडून गेलेला, चर्चा करणारे टीम बदलून गेलेले. ती ओळ काढायची हिंमत कोणाचीच होईना, कारण ती का आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे ती अजून तिथेच आहे. रोज हजारो वेळा एक मशीन सात सेकंद थांबतं आणि का थांबतं हे जगात कोणालाही माहीत नाही.

असो. तर हा ‘का’ लिहून ठेवायची पद्धत आली कुठून?

सुरुवात १९७२ मध्ये होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड नावाच्या इंजिनिअरने सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, म्हणजे एससीसीएस, लिहिली. आधी आयबीएमच्या मोठ्या मशीनवर, मग युनिक्सवर. तोपर्यंत एखाद्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या ठेवायच्या म्हणजे अख्ख्या प्रती ठेवायच्या. रॉचकाइंडने दर वेळी फक्त बदललेला भाग साठवायची युक्ती काढली. डिसेंबर १९७५ मध्ये त्याने यावर एक पेपर छापला. त्यात सिस्टिमची कामं सांगताना तो म्हणतो की प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, कुठे केला आणि का केला याची नोंद ही सिस्टिम ठेवते.

त्यातलं शेवटचं कलम बघा. कोणी, केव्हा, कुठे, हे तिन्ही मशीनला आपलं आपण कळतं. लॉगिन कोणाचं आहे ते माहीत असतं, घड्याळ तिच्याकडे असतं, फाइल समोर असते. ‘का’ मात्र मशीनला कळायची काही सोय नव्हती. मग एससीसीएस काय करायची? बदल जमा करायला गेलं की एक शब्द विचारून थांबायची, "कॉमेंट्स?" बस्स. माणूस जे टाइप करेल ते घ्यायची. त्या काळी डिस्कवरची जागा सोन्याच्या भावाची होती, जागा वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केलेला होता, आणि तरीही ‘का’ या उत्तरासाठी जागा राखून ठेवली होती. मला हे फार मोठं वाटतं. पहिल्या दिवसापासून त्या लोकांना कळलं होतं की बाकी सगळं मशीन सांगेल, ही एकच गोष्ट माणसाकडून मागून घ्यावी लागेल.

पुढे १९८२ च्या सुमाराला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं. तीही मेसेज मागायची आणि एका ओळीत नुसता टिंब दिला की मेसेज संपला असं समजायची. आरसीएसमध्ये एक सोय अशी होती की फाइलमध्ये एक विशिष्ट खूण ठेवली की प्रत्येक मेसेज आपोआप त्या फाइलच्या आतच जमा होत जायचा. कोड चाळीस ओळींचा आणि त्याच्या डोक्यावर इतिहास चारशे ओळींचा, अशी ध्यानं त्यातून तयार झाली. जुन्या सी प्रोग्रामांमध्ये अजून कधीकधी दिसतात. पण एक खरं, ते वाचायला कुठे दुसरीकडे जावं लागत नसे.

मग आलं सीव्हीएस. ॲमस्टरडॅममधल्या डिक ग्रूने यांनी १९८६ मध्ये काही शेल स्क्रिप्ट लिहून त्याची सुरुवात केली आणि १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनरने ते सी भाषेत नव्याने लिहिलं. नव्वदच्या दशकातलं बहुतेक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सीव्हीएसवर वाढलं. इथे दोन गमती सांगण्यासारख्या आहेत.

पहिली. तुम्ही मेसेज लिहिलाच नाही तर सीव्हीएस स्वतः एक मेसेज घालायचं. तीन चांदण्या, "एम्प्टी लॉग मेसेज", परत तीन चांदण्या. म्हणजे "इथे लिहिणाऱ्याने काही लिहिलं नाही" याचीच नोंद. त्या काळातल्या कित्येक प्रोजेक्टांच्या इतिहासात ही ओळ जागोजाग सापडते. कोऱ्या थडग्यांसारखी.

दुसरी गंमत जास्त महत्त्वाची. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा इतिहास वेगवेगळा ठेवायचं. तुम्ही एका कामासाठी दहा फायली बदलल्या तर दहा ठिकाणी दहा वेगळ्या नोंदी व्हायच्या, प्रत्येकीत तोच मेसेज. या दहा फायली एकाच कामाच्या होत्या हे कुठेच लिहिलेलं नसायचं. फेब्रुवारी २००४ मध्ये सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती आली, तिच्यात अख्खं काम मिळून एक नंबर मिळू लागला, आणि लोक आपला जुना इतिहास सीव्हीएसमधून तिकडे न्यायला लागले. आता न्यायचा कसा? कुठल्या फायली कुठल्या कामाच्या ते कसं ओळखायचं? तर ते काम करणारी अवजारं तीन गोष्टी जुळवून बघायची : लिहिणारा तोच आहे का, वेळ जवळपास तीच आहे का, आणि मेसेज अक्षरशः तोच आहे का. म्हणजे ज्यांनी धड मेसेज लिहिले होते त्यांच्या विस्कटलेल्या इतिहासाचे तुकडे त्या मेसेजच्या डिंकाने परत जोडले गेले. ज्यांनी दिवसभर "फिक्स, फिक्स, फिक्स" लिहिलं त्यांच्या बाबतीत डिंक पातळ पडला. लिहिणाऱ्यांनी कधी कल्पनाही केली नसेल असा हा उपयोग.

आता लिनक्सकडे येतो, कारण या गोष्टीतले सगळ्यात रंगीत प्रसंग तिथले आहेत.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं आणि २००२ पर्यंत त्याने त्यासाठी कुठलीही व्हर्जन कंट्रोल सिस्टिम वापरली नाही. लोक ईमेलने पॅच पाठवायचे, तो हाताने लावायचा आणि मधूनमधून अख्ख्या कोडचं गाठोडं प्रसिद्ध करायचा. दोन गाठोड्यांमधला फरक काढता येतो, म्हणजे काय बदललं ते दिसतं. पण का बदललं? ते शोधायचं तर त्या काळच्या मेलिंग लिस्टचे ढिगारे उपसा. सापडलं तर सापडलं.

फेब्रुवारी २००२ मध्ये लिनसने बिटकीपर नावाची सिस्टिम घेतली. ती एका कंपनीच्या मालकीची होती, त्यामुळे काही लोक ती वापरायला तयार नव्हते. त्यांच्या सोयीसाठी मूळ कोडची एक नक्कल सीव्हीएसवर ठेवली जायची. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी त्या सीव्हीएसच्या सर्व्हरमध्ये घुसलं आणि कर्नलच्या एका फाइलमध्ये दोन ओळी घालून गेलं. वरवर बघता ती एक साधी तपासणी होती. वापरणारा रूट आहे का, म्हणजे त्याचा नंबर शून्य आहे का, असं विचारल्यासारखी. पण सी भाषेत तुलना करायला बरोबरची दोन चिन्हं लागतात, तिथे एकच होतं. एक चिन्ह म्हणजे तुलना नाही, नेमणूक. म्हणजे "तू रूट आहेस का?" असं न विचारता "तू आता रूट आहेस" असं ती ओळ म्हणत होती. विशिष्ट पद्धतीने हाक मारली की कोणालाही मशीनची सगळी सत्ता. दोन चिन्हांऐवजी एक, डोळ्यांना सहज चुकवून जाणारं.

पकडलं कसं? कोड वाचून नाही. बिटकीपरच्या लॅरी मॅकव्हॉयच्या लक्षात आलं की सीव्हीएसमधल्या या बदलाला मूळ दप्तरात जोड नोंदच नाही. नक्कलेतल्या बाकी प्रत्येक बदलासोबत मूळ नोंदीचा धागा होता, याच्यासोबत नव्हता. कुठून आला हा? मग लोकांनी त्या दोन ओळी नीट वाचल्या आणि सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कोणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही. पण फेरफार नसलेला सातबारा म्हणून तो बदल पकडला गेला, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी, मार्च २००३ मध्ये, एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर खटला भरला होता. म्हणणं असं की आमच्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घातला गेलाय. त्या धुरळ्यात एक अवघड प्रश्न पुढे आला. लिनक्समधली अमुक ओळ कोणी, कुठून आणली, हे दाखवायचं कसं? यावर मे २००४ मध्ये लिनसने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. प्रत्येक पॅचच्या मेसेजखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाची एक ओळ घालायची, "साइन्ड ऑफ बाय" अमुक. अर्थ असा की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी मी ग्वाही देतो. तो पॅच ज्या ज्या हातांतून पुढे जाईल त्या प्रत्येकाने आपली ओळ खाली जोडायची. आज कर्नलच्या कुठल्याही कमिटखाली ही सह्यांची उतरंड दिसते. कमिट मेसेज हा कायद्याच्या उपयोगाचा कागद झाला तो असा.

एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरच्या कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली आणि लिनसने काही दिवसांत गिट लिहायला घेतलं. १६ एप्रिल २००५ ला त्याने लिनक्सचा कोड गिटमध्ये टाकला. एकाच कमिटमध्ये १७ हजारांहून जास्त फायली. त्याचा मेसेज वाचण्यासारखा आहे. तो म्हणतो, आपल्याकडे जुना इतिहास आहे, पण तो मी आत्ता आणत बसत नाही. आणला तर ३.२ जीबीच्या आसपास होईल आणि गिटच्या सुरुवातीच्या दिवसांत उगाच गुंता वाढेल, हवं तर नंतर वेगळं दप्तर करू. मला हा मेसेज आदर्श वाटतो. त्यात "लिनक्स टाकलं" हे एका ओळीत उरकलंय आणि उरलेली जागा "जुना इतिहास का नाही टाकला" याला दिलीय. पुढे येणारा माणूस नेमकं तेच विचारणार हे लिनसला कळलं होतं.

आजही कर्नलमधली एखादी जुनी ओळ कुठून आली ते गिटला विचारलं की शोध मागे मागे जातो आणि या कमिटवर येऊन थडकतो. ती भिंत आहे. तिच्या पलीकडचं बघायला बिटकीपरच्या काळाचं दप्तर लोकांनी वेगळं जपून ठेवलंय, आणि त्याच्याही मागे गेलं तर नुसती गाठोडी.

आता या लेखातली मुख्य गोष्ट. माझ्या सगळ्या म्हणण्याची खरी परीक्षा इथे आहे, कारण इथे मेसेज होता, चांगला होता, आणि तरीही घात झाला.

डेबियन ही लिनक्सची एक जुनी आणि नावाजलेली वाटणी. तिच्यात ओपनएसएसएल नावाची लायब्ररी असते. गुप्त किल्ल्या बनवणं, मजकूर कुलूपबंद करणं ही तिची कामं. किल्ली बनवायला खूप अनपेक्षित, म्हणजे रँडम, आकडे लागतात. २००६ मध्ये डेबियनच्या लोकांना एक तक्रार होती. व्हॅलग्राइंड नावाचं एक अवजार असतं, ते प्रोग्रामची मेमरी तपासतं. ते सारखं ओरडत होतं की ओपनएसएसएल काहीही न भरलेली मेमरी वाचतंय. शोध घेतल्यावर एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी एकसारखी ओळ सापडली. अक्षरशः एकसारखी. रँडम आकड्यांच्या हौदात काहीतरी ढवळणारी.

पण दोन्ही ओळींचं काम वेगळं होतं. एका ठिकाणी ती ओळ मागणाऱ्याचा रिकामा डबा, त्यात जो काही कचरा असेल तो, हौदात टाकत होती. असला तर बरा, नसला तर काही बिघडत नाही. दुसऱ्या ठिकाणी तीच ओळ खऱ्या रँडम आकड्यांचं पाणी हौदात ओतत होती. ती काढली तर हौद कोरडा. आता बघा, पहिल्या, म्हणजे निरुपद्रवी, ओळीपाशी मूळ कोडमध्ये एक टिपण होतं. प्युरिफाय हे तशाच प्रकारचं दुसरं अवजार इथे तक्रार करतं, अशा अर्थाचं. दुसऱ्या, म्हणजे जीव असलेल्या, ओळीपाशी काहीच नव्हतं. इतिहासात मागे जावं तर तिथेही भिंत. ओपनएसएसएल हे एसएसएलईए नावाच्या जुन्या लायब्ररीतून डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि त्याच्या दप्तराची सुरुवातच जुन्या आवृत्त्या एकगठ्ठा आणल्याच्या नोंदींनी होते. ही फाइल त्या जुन्या घराण्यातली.

डेबियनच्या माणसाने मे २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंसुद्धा. तिथल्या एकाने उत्तर दिलं की डिबगिंगला मदत होत असेल तर काढायला माझी हरकत नाही. मग दोन्ही ओळी बंद केल्या गेल्या. नोंद केली ती अशा अर्थाची : रँडम आकडे बनवणाऱ्यात न भरलेली मेमरी घालू नका, त्यामुळे व्हॅलग्राइंड भलत्याच ठिकाणी चुका दाखवणं थांबेल. सोबत तक्रारीचा नंबर.

१७ सप्टेंबर २००६ ला तशी आवृत्ती बाहेर पडली. त्यानंतर डेबियनवर, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उबुंटूवर, ज्या किल्ल्या बनल्या त्यांच्यात अनपेक्षित असं एकच काही उरलं होतं, प्रोसेसचा नंबर. तो नंबर साधारण ३२ हजारांच्या आत असतो. म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीला जगात जेमतेम ३२ हजार शक्यता. साधा कॉम्प्युटर त्या सगळ्या बनवून बघू शकतो. हे असं जवळपास २० महिने चाललं. लुचानो बेलो नावाच्या डेबियनच्या डेव्हलपरला ते सापडलं आणि १३ मे २००८ ला जाहीर झालं. जगभरच्या सिस्टिम ॲडमिनांनी मग किल्ल्या फेकून नव्या बनवल्या. काही प्रकारच्या किल्ल्या तर अशा होत्या की दुसरीकडे नीट बनलेली किल्ली या मशीनवर नुसती वापरली असली तरी ती बाद धरावी लागली.

मग मेसेज लिहून उपयोग काय झाला? हा प्रश्न मलाही पडला होता. पण हा प्रकार जितका वाचला तितकं माझं मत पक्कं होत गेलं.

एक तर, कमी पडलेला ‘का’ डेबियनच्या बाजूचा नव्हता, मूळ ओळीचा होता. ती ओळ ज्याने लिहिली त्याला ती का आहे हे पक्कं माहीत असणार. तेव्हा ते इतकं उघड होतं की लिहावंसं वाटलं नाही. उघड असलेलीच गोष्ट दहा वर्षांनी कोडं होते. माझ्या त्या सात सेकंदांच्या ओळीला कोणी हात लावत नाही आणि या ओळीला कोणीतरी लावला, एवढाच फरक. ‘का’ हरवलं की दोनच रस्ते उरतात. घाबरून तसंच ठेवा, नाहीतर अंदाजाने काढा. दोन्ही वाईट.

दुसरं, २००८ मध्ये हे उघड झालं तेव्हा कोणी केलं, कधी केलं, कुठल्या तक्रारीवरून केलं, काय समजून केलं, हे सगळं लगेच समोर होतं. तेही त्याच नोंदीमुळे. त्यामुळे चर्चा "हा घातपात आहे का?" इथे अडकून पडली नाही. २००३ च्या त्या दोन ओळींशी ताडून बघा. तिथे नोंद नव्हती म्हणून हेतू आजही कळलेला नाही. इथे नोंद होती म्हणून चांगल्या हेतूने झालेली चूक ही चांगल्या हेतूने झालेली चूक म्हणूनच ओळखता आली.

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. त्या मेसेजमध्ये एक दावा होता, की आपण काढतोय ती न भरलेली मेमरी आहे. एका ओळीपुरता तो खरा होता, दुसरीपुरता खोटा. पण तो लिहिलेला होता, म्हणून तपासता येण्यासारखा होता. कोणी तो मेसेज एका हातात आणि बदल दुसऱ्या हातात धरून ओळीओळीने विचारलं असतं, "ही न भरलेली आहे? आणि ही?", तर दुसऱ्या ओळीवर उत्तर अडलं असतं. दुर्दैवाने कोणी विचारलं नाही. तिथे "फिक्स" असं लिहिलेलं असतं तर विचारायलाही काही नव्हतं. कमिट मेसेज म्हणजे नुसतं वर्णन नव्हे, तो दावा असतो. आणि दावा लिहिला की दुसऱ्याला तो खोडून काढायची संधी मिळते. सामाईक प्रोजेक्टमध्ये याहून मोठी मदत कुठली असणार?

थोडं विषयांतर. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ च्या काळातली पत्रं होती. बखरींवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. बखर घडून गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहितात, शेवट माहीत असतो, मग आठवणी त्या शेवटाला जुळवून घेतल्या जातात. पत्र त्या त्या वेळी लिहिलेलं असतं, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. आमच्या ऑफिसांतली डॉक्युमेंटं बहुतेक बखरी असतात, प्रोजेक्ट संपल्यावर कोणाच्या तरी आठवणीतून लिहिलेली. कमिट मेसेज हे पत्र. चुकलेलं असलं तरी त्या क्षणाचं चुकलेलं, म्हणून मोलाचं.

असो. आता लिहायचं कसं, ते थोडक्यात. पहिली ओळ छोटी, मग एक मोकळी ओळ, मग खुलासा, ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. तिचं मूळ ईमेलमध्ये आहे. कर्नलचे पॅच ईमेलने फिरायचे, अजूनही फिरतात, आणि गिट कमिटची पहिली ओळ ईमेलचा विषय म्हणून वापरतं. एप्रिल २००८ मध्ये टिम पोप या प्रोग्रामरने पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास आणि खालच्या ओळी ७२ अक्षरांपर्यंत, असं टिपण लिहिलं आणि तो जणू नियमच झाला. ते पाळा, चांगलंच आहे. पण ५० आणि ७२ मोजण्यात ‘का’ राहून गेलं तर मोजमापाला काही अर्थ नाही.

समजा पैसे भरण्याच्या कोडमध्ये तुम्ही एक आकडा ३ वरून १ केला. "रिट्राय काउंट ३ वरून १ केला" हा मेसेज फुकटचा आहे, ते तर बदलातच दिसतंय. त्याऐवजी हे बघा :

"पेमेंट फसल्यावर आपोआप परत पाठवू नका.

गेटवे ३० सेकंदांनी टाइमआउट देतो, पण तेव्हा व्यवहार बँकेकडे पोचलेला असू शकतो. परत पाठवला की ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. आधी स्थिती विचारून मग पाठवणं हा खरा उपाय आहे, पण गेटवेकडे तशी सोय अजून नाही. ती आली की हा आकडा वाढवायला हरकत नाही."

पाच वाक्यं, दोन-तीन मिनिटांचं काम. यात अडचण आहे, कारण आहे, सोडून दिलेला दुसरा रस्ता आहे, आणि हा बदल कधी उलटवावा तेही आहे. दोन वर्षांनी एखादी नवीन मुलगी टीममध्ये येईल, तिला वाटेल एकच प्रयत्न कसा काय, तीन करूया. ती फेरफार काढेल आणि थांबेल. कोणाचे तरी घरभाड्याचे पैसे दोनदा कापले जायचे वाचतील आणि ते वाचले हे कोणाला कळणारही नाही. आमच्या धंद्यातली बरीचशी पुण्याई अशीच, न दिसणारी असते.

आजकाल कमिट मेसेज एआय लिहून देतो. बटण दाबलं की सुबक इंग्रजीत तयार. मी त्याच्या विरोधात नाही, "फिक्स"पेक्षा कधीही बरं. पण तो समोरचा बदल वाचून लिहितो, म्हणजे बहुतेक वेळा ‘काय’ हेच जास्त छान शब्दांत सांगतो. गेटवेच्या माणसाने फोनवर काय सांगितलं, चहाच्या टपरीवर टीम लीडने दुसरा रस्ता का नको म्हटला, हे त्या बदलात कुठेच नसतं. ते तुमच्याच डोक्यात असतं, आणि तेही फार तर महिनाभर.

१९७२ पासून मशीन बरंच शिकलं. कोणी, केव्हा, कुठे हे तिला तेव्हाही कळत होतं, ‘काय’ तर आता ती आपल्यापेक्षा बरं लिहिते. तो पाचवा प्रश्न मात्र अजून आपल्याकडेच आहे. सोमवारी पहिलं कमिट कराल तेव्हा एवढंच करा : ‘कारण’ या शब्दाने सुरू होणारं निदान एक वाक्य घाला. सुचलं नाही, तर तो बदल का करतोय हे आपल्यालाच अजून नीट कळलेलं नाही असं समजा, आणि कमिट करायच्या आधी शेजारच्याला विचारा.